गणिताचा मास्तर आणि बैलबाजाराचा रुमाल

पहिल्यांदा सांगितलेल्या भावात मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. बायको म्हणते, लग्नात मी भटजींशीसुद्धा घासाघीस केली होती. ते खोटं आहे. मी फक्त मुहूर्त अलीकडे ओढून मागत होतो, कारण दुपारी खामगावला बाजार होता.

बैलांचा व्यापार हा धंदाच तसा. सातवीत शाळा सोडली, एका दलालामागे कासरा धरून बाजार हिंडलो, आणि पुढे स्वतःचं दुकान मांडलं. दुकान म्हणजे काय, दोन डोळे आणि एक जीभ. देऊळगाव राजापासून खामगावपर्यंत कुठल्याही बाजारात जा, मी दात बघून सांगितलेलं बैलाचं वय कोणी खोडून काढत नाही. रागीट आहे असं मात्र सगळे सांगतील. त्याला माझा इलाज नाही. समोरचा वेड्यासारखं बोलला की माझा आवाज आपोआप चढतो.

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा मी अध्यक्ष झालो तोही आवाजामुळेच. पालकांची सभा होती. खिचडीत डाळ शोधावी लागते असं मी जरा मोठ्यानं बोललो. सगळे म्हणाले, "मंग तुमीच व्हा ना बाप्पा अध्यक्ष." मुलगा तालुक्याला दुकान चालवतो, आठवड्याला घरी येतो, त्यामुळे नातीच्या शाळेचा पालक मीच. झालो अध्यक्ष. खिचडीत डाळ आली. मला वाटलं, बाकीचंही असंच होईल.

बाकीचं म्हणजे मास्तर. शाळा पहिली ते पाचवी. मंजूर पदं दोन, त्यातलं एक तीन वर्षं रिकामं. उरलेले गुरुजी सज्जन माणूस. मराठी शिकवावं तर त्यांनीच. पण एका माणसाला पाच वर्ग, शिवाय खिचडीचा हिशेब, मतदारांची नावं, आणि मोबाइलवर रोज कसली ना कसली माहिती भरणं. सकाळी ते पहिलीला 'अ' देत, तोवर पाचवीत मारामारी सुरू होई. पाचवीकडे गेले की पहिलीतलं एखादं पोरगं चालत घरी निघालेलं असे. गणित तर गावातून उठूनच गेलं होतं.

माझी नात तेव्हा चौथीत. मुलगा एका शनिवारी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा, इले तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकतो मी. व्हॅन येते दारापर्यंत."

"काऊन?"

"हिला वजाबाकी येत नाही, बाबा. चौथीत आहे ती."

मी आधीच त्या कॉन्व्हेंटात जाऊन आलो होतो. तिथल्या बाई हसून म्हणाल्या, "फी ठरलेली आहे, त्यात कमीजास्त होत नाही." जिथं कमीजास्त होत नाही तिथं मी पाय ठेवत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. अध्यक्षाचीच नात गेली म्हटल्यावर मागोमाग ज्यांना व्हॅन परवडते ती सगळी घरं गेली असती. पट घसरला असता. पट घसरला की दुसरं पद रिकामंसुद्धा राहत नाही, रद्दच होतं. मग ज्यांना व्हॅन परवडत नाही त्यांची पोरं एका गुरुजींच्या हवाली कायमची.

मुलाला म्हणालो, "संक्रांतीपर्यंत थांब. मास्तर आणतो."

"आणा," तो म्हणाला. माझ्याच पोटचा. एक दिवस वाढवून दिला नाही त्यानं.

पंचायत समितीत माझे अर्ज आधीच पडून होते. उत्तर एकच, पोर्टलवर मागणी नोंदवली आहे. हे पोर्टल कुठं राहतं, मला दाखवा, मी जाऊन बोलतो, असं मी एकदा म्हणालो तर तिथला बाबू सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, "अध्यक्ष, मास्तर म्हणजे काय गोऱ्हा आहे का, दावणीचा सोडून तुमच्या हातात द्यायला?" सगळं ऑफिस हसलं. ते हसू मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

तेव्हा ठरवलं, शाळाच तिथं भरवायची.

आमच्याकडे ही रीत आहे. मास्तर मिळत नसला की कोणी शाळेला कुलूप ठोकतं, कोणी पोरं घेऊन साहेबाच्या दारात बसतं. मला कुलूप पटत नाही. कुलपानं नुकसान पोरांचंच. एका सोमवारी माझी पिकअप धुवून काढली, तिच्यात पोरं बसवली, मागून दोन ऑटोत आया. गुरुजींना आदल्या दिवशी सांगायला गेलो तर ते कानावर हात ठेवून म्हणाले, "अध्यक्ष, मी उद्या किरकोळ रजेवर आहे. मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही." आणि हळूच म्हणाले, "पाचवीला भागाकार नाही झाला अजून, तेवढं साहेबांच्या कानावर घाला."

गटशिक्षणाधिकारी साहेब यायच्या आत आम्ही त्यांच्या खोलीत सतरंजी टाकली. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. तो बाबू दारात येऊन ओरडला, "अरे, हे काय लावलंय?" पहिलीतल्या पोरांना वाटलं हे नवे सर. सगळी उभी राहून एका सुरात "न-म-स्ते स-र" म्हणाली. बाबू सवयीनं "बसा" म्हणून गेला.

साहेब आले. मला वाटलं होतं पोलीस बोलावतील. भांडणाची तयारी करूनच आलो होतो, घसा सकाळपासून जपला होता. पण त्यांनी चपला बाहेर काढल्या, पोरांच्यातून वाट काढत खुर्चीपर्यंत गेले, आणि खुर्चीत न बसता सतरंजीच्या कडेला बसले. नातीला विचारलं, "बाळ, पाचशेतून दोनशे सदतीस गेले तर किती उरले?"

नात म्हणाली, "कोणी नेले?"

आया हसल्या. साहेबही हसले. "समज, तुझ्या आजोबांनी नेले."

"मंग काहीच नाही उरणार."

सगळी खोली हसली, मीही हसलो. पण साहेबांनी कागद पुढे केला आणि पुन्हा विचारलं तेव्हा ती पेन धरून बसून राहिली. शून्यातून सात कसे काढायचे तिला ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली. पट्टीचं गिऱ्हाईक बैलाची खोट काढून दाखवतं तेव्हा मालकाचं तोंड कसं होतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे. त्या दिवशी ते तोंड माझं होतं.

साहेब मूळचे मास्तरच. जुन्या परिपत्रकाच्या पाठीमागे दहाचे जुडगे काढून त्यांनी तिला शेजारच्या घरून उसने आणायला शिकवलं. मग दुसरीला, मग तिसऱ्याला. पोरं त्यांच्या गुडघ्यापर्यंत सरकली.

मी म्हणालो, "साहेब, आता दुसरं कोणी नको. पिकअप खाली उभी आहे. तुम्हीच बसा."

ते उठले, खुर्चीत बसले आणि कामाचं बोलू लागले. म्हणाले, निवृत्त गुरुजी आहेत एक, कंत्राटावर. मी त्यांना ओळखत होतो. आधीच दोन शाळा सांभाळत होते आणि एका गुडघ्यानं चालत होते. नको म्हणालो. मग म्हणाले, सहा महिन्यांसाठी एक प्रशिक्षणार्थी देतो.

"मास्तरकीची पात्रता परीक्षा?" मी विचारलं.

"दिली आहे."

"पास आहे?"

"दिली आहे, अध्यक्ष."

माझा आवाज चढला. म्हणालो, सरकारनं मास्तरांना परीक्षा लावल्या ते उत्तम केलं. दात न बघता मीही बैल घेत नाही. पण पास झालेला मास्तर आमच्या गावी येत नाही, आणि न झालेला आम्हाला चालेल असं तुम्ही कुठल्या हिशेबानं ठरवलं? नियम कडक आणि खुर्ची रिकामी, ह्याला दर्जा म्हणतात का? पैसेवाल्यांची पोरं व्हॅननं निघून जातील. ह्या बायांची पोरं कुठं जातील? आया माना हलवत होत्या. एक म्हणाली, "बोलू द्या भाऊले, आज बरा बोलून राह्यला."

साहेबांनी मला बोलू दिलं. मग जरा पुढे झुकून हळू म्हणाले, "जवळच्याच एका शाळेत गणिताच्या मॅडम आहेत. परीक्षा पास, शिकवायला उत्तम. आठवड्यातले काही दिवस प्रतिनियुक्तीवर देता येतील."

"किती दिवस?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "आकडा इथं मोठ्यानं बोललो तर उद्या साऱ्या तालुक्यातली गावं सतरंजी घेऊन येतील."

हे वाक्य मी बाजारात हजारदा ऐकलं आहे. भाव चारचौघांत बोलायचा नसतो, म्हणून तर आम्ही हातावर रुमाल टाकतो आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतो. माझा हात विचार न करताच खांद्यावर गेला. रुमाल काढला, उजव्या पंजावर टाकला आणि पंजा टेबलावर पुढे केला. आता हा माणूस हसणार, असं वाटलं. हसला असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत हात रुमालाखाली घातला.

"साहेब कोणाचे?" मी विचारलं.

"बैलवाल्यांच्याच घरचा हाय मी बी," ते पुटपुटले. भाषासुद्धा बदलली त्यांची.

त्यांनी माझं एक बोट धरलं. मी मान हलवली आणि पाची बोटं त्यांच्या मुठीत दिली. त्यांनी झटकून दोन धरली. मी अंगठा काढून घेतला, चार ठेवली. ते तीनवर आले आणि दाबून बसले. मी रुमाल ओढायला घेतला, सौदा मोडून निघाल्यासारखा. चौथं बोट त्यांनी पकडलं.

"सोमवारपासून," साहेब मोठ्यानं म्हणाले.

बाहेर आल्यावर आयांनी घेरलं. काय ठरलं? मी म्हणालो, "ठरलं. सोमवारी कळंल." बाजारात जनावर दावणीवरून सुटेपर्यंत कोणी भाव उघड करत नाही. सवय. पण आया काही बैलबाजारात वाढलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढंच पाहिलं, की अध्यक्षानं मोठ्यानं भांडण केलं, मग साहेबाचा हात रुमालाखाली धरला आणि गप्प झाला.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर गेलो. एक जण कपात बघत म्हणाला, "भाऊ, गोठ्याचं अनुदान झालं म्हनते तुमचं?"

"कोण म्हनते बे?"

"सगळेच म्हनून राह्यले. रुमालाखाली."

मी त्याच्याशी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. घरी आलो तर बायको भाकर वाढता वाढता म्हणाली, "गोठा मंजूर झालाच असंल तर मांगच्या अंगाले बांधा. समोर वास येते." चाळीस वर्षांचा संसार, आणि हा भरवसा. त्या आठवड्यात मी गावात ज्याच्या त्याच्याशी भांडलो. चार दिवस ठरलेत हे सांगितलं तरी आता कोणी खरं मानीना.

सोमवारी स्कूटीवरून मॅडम आल्या. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, डिकीत खडूंचा डबा आणि चिंचोक्यांची पिशवी. पहिल्या तासाला चौथी-पाचवीनं चिंचोक्यांचे ढीग मांडले. दुपारी गावातली अर्धी माणसं काही ना काही निमित्त काढून शाळेवरून जाऊन आली. टपरीवाल्यानं चहा दिला तेव्हा साखर जास्त होती. माफी मागायची आमच्याकडे तेवढीच पद्धत आहे.

मंगळवारी सकाळी दारात एक बाई उभी. नाल्यापलीकडच्या वस्तीतली; बाजारात भाजी घेऊन बसते, म्हणून तोंडओळख होती. वस्तीतली बहुतेक घरं मजुरीवर जगणारी, कोणी शेतात, कोणी वीटभट्टीवर. ही बाई तिथल्या शाळेची अध्यक्ष आहे हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

"अध्यक्ष भाऊ, एक इचारू? बैल घेता तवा कोनाच्या दावणीचा हाय, इचारता ना?"

"मंग? पहिले तेच इचारतो."

"मंग मास्तर घेताना काऊन नाई इचारलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जवळची शाळा म्हणजे तिचीच शाळा. तिथं दोन मास्तर, आणि गणिताला ह्याच एक मॅडम. चार दिवस माझ्याकडे आले, म्हणजे तिच्याकडे दोन उरले.

मी म्हणालो, "साहेबानं सांगायला पायजे होतं." मी आजही हेच म्हणतो. ज्याच्या गोठ्यातून जनावर सुटतं त्याचं नाव विकणाऱ्यानं सांगायचं असतं.

"साहेबाशी मी पाहून घेतो. पन तुमचे पोट्टे उद्या कॉन्व्हेंटात तरी जातीन. आमचे कुठं जातीन? सरकार एका घरची चादर ओढून दुसऱ्याले देते, आन् तुमी रुमाल धरून बसता!"

"मी काय चोरी केली काय?"

"बोंबलू नका. म्या बाजारात तुमच्याहून मोठ्यानं बोंबलतो. ऐका. मॅडम सहाही दिवस वस्तीवर. नाईतर उद्या सतरंजी घिऊन आमची शाळा तुमच्या अंगणात भरवतो."

ही माझीच युक्ती, माझ्याच दारात. मी एक दिवस सोडला, ती हलली नाही. तीन-तीन म्हणालो, ती ओट्यावर बसली, बायकोकडून पाणी मागून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम एक. वर्ग तेच. मंग दोन गावांत दोन खेपा काऊन शिकवावं? चौथी-पाचवी दोन्ही गावची एका जागी बसवा. तीन दिवस अथी, तीन दिवस आमच्याकडं. सहाचे सहा दिवस दोघाइले भेटतीन."

बायको आतून म्हणाली, "खरं हाय तिचं." पाणी देता देताच ती बाईच्या बाजूची झाली होती.

बाई लगेच उठली नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पन तुमचे लेकरं वस्तीवर पाठवसाल?"

ती काय विचारत होती ते तिला कळत होतं, मला कळत होतं. वस्तीतली माणसं आमच्या गावात कामाला येतात. आमच्या गावचं कोणी वस्तीवर शिकायला गेलेलं नाही. मी लगेच हो म्हणालो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी आधी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणालो, "माही नात पहिली येईल."

रात्री पालकांना बोलावलं. एक जण उभा राहिला, "आपली पोरं तिकडं जाऊन बसतीन?" मी म्हणालो, "तुही म्हैस तिकडच्या बांधावर चरते तवा चालते काय बे?" तो बसला. सगळेच पटून बसले असं नाही. वस्तीवरच्या पहिल्या दिवशी, गुरुवारी, दोन घरांनी पोरं पाठवली नाहीत. पुढच्या गुरुवारी एकानं पाठवली, कारण पोरगं घरी बसून त्याच्या डोक्यावर तबला वाजवत होतं. साहेबांना फोन केला तर म्हणाले, "तोंडी हो म्हणतो. लेखी मागू नका."

संक्रांतीला मुलगा आला. नात ओट्यावर वस्तीतल्या दोन मुलींबरोबर बसली होती, तिळगूळ सोडून तिघी भागाकारावर भांडत होत्या. मुलगा उभा राहून ऐकत होता. तिनं मान वर न करता त्याला विचारलं, "बाबा, दुकानात तुमी मोबाइलवर हिशेब करता ना? मंग तुमाले हे तोंडी नाई जमणार." त्याला हे लागलं असावं. रात्री म्हणाला, "पाचवीपर्यंत राहू द्या हिला इथं. मंग पाहू."

पोरगी राहिली. तिच्यामागे बाकीची घरंही राहिली. मी जिंकलो असं म्हणायला हरकत नव्हती.

फाल्गुनात पंचायत समितीत गेलो, रिकाम्या पदाचं विचारायला. तोच बाबू. संगणकात पाहिलं आणि हसला. म्हणाला, "अध्यक्ष, तुमची मागणी आता तातडीच्या गावांत नाही. तुमच्याकडे प्रतिनियुक्तीनं व्यवस्था झालेली दिसते. मास्तर आहे तुमच्याकडे."

"अर्धी हाय. अर्धी वस्तीची."

"त्यांच्याकडेही मास्तर आहे असंच दिसतंय."

म्हणजे एक बाई स्कूटीवरून नाला ओलांडते, तर सरकारच्या लेखी दोन गावांना पूर्ण मास्तर मिळालेला. घरी येईपर्यंत माझा घसा बसला होता. सगळ्या वाटेनं मी एकटाच ओरडत होतो, पिकअपमध्ये.

वस्तीवर जाऊन बाईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. ती म्हणाली, "मंग जाऊ ना दोघं. तुमचे पोट्टे, आमचे पोट्टे. साहेबाच्या खोलीत मावले नाई तं जिन्यात बसतीन." पूर्ण मास्तर मागायचा, दोन्ही गावांना एकेक, एकही दिवस कमी घ्यायचा नाही, एवढं आमचं ठरलं. सोमवारही ठरला. अडलंय एकाच गोष्टीवर. ती म्हणते, बोलायचं काम ती करणार आणि मी तोंड मिटून सतरंजीवर बसायचं. मी म्हणालो, निदान सुरुवात तरी माझी. ती नाही म्हणते. काल पुन्हा जाऊन आलो, जमलं नाही. उद्या पुन्हा जातो.